जाऊ का, मालक?

शेळगावात म्हस्कूच्या कुंपणाचं जेवढं कौतुक झालं, तेवढं त्याच्या उसाचंही कधी झालं नाही. सिमेंटचे खांब, पाच पदरी काटेरी तार, आणि खांबांची ओळ अशी सरळ की येणाऱ्याजाणाऱ्यानं दोन मिनिटं थांबून बघावी. कोंबडीसुद्धा आत शिरायची नाही, असं म्हस्कू ज्याला त्याला सांगायचा. कोंबडी खरंच शिरली नाही. पण त्याच तारेनं त्याचा जन्माचा सोबती बाहेर ठेवला होता, ते मात्र तो कुणाला सांगत नव्हता.

म्हस्कू मूळचा मेंढपाळ. पन्नाशी उलटेपर्यंत मेंढरांच्या मागं चालला. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाच्या तोंडाला परत इंदापूर तालुक्यात, असा त्याचा वर्षाचा फेरा. पोरगा नागेश शिकला, इंजिनियर झाला, परदेशात गेला आणि तिथून 'आबा, आता पुरं झालं' म्हणून हट्ट धरून बसला. मग म्हस्कूनं मेंढरं विकली, कालव्याच्या फाट्याजवळ अडीच एकर रान घेतलं आणि ऊस लावला. ऊस लावला की माणसाची चाल बदलते. म्हस्कूचीही बदलली. हात मागं बांधून तो बांधावरून फिरायला लागला.

त्या बांधावरून एक जुनी वाट फाट्याच्या पाण्याला जात होती. म्हस्कूचा चुलतभाऊ महिपती अजून मेंढरं राखून होता. दीडशे मेंढरं, दोन कुत्री आणि एक घोडी. दोघं एका महिन्याच्या अंतरानं जन्मलेले, एका घोंगड्यात झोपून वाढलेले. महिपतीची मेंढरं त्या वाटेनं पाण्याला जायची, आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. गेल्या वर्षी आषाढात एक दिवस मेंढरं उसात शिरली आणि तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या खोडव्याच्या चार सऱ्या कोवळ्या कोंबांसकट साफ करून गेली. म्हस्कू तोंडाला येईल ते बोलला. महिपतीनं ऐकून घेतलं. आठ दिवसांत म्हस्कूनं तार ओढली, वाटही बंद झाली.

नवव्या दिवशी महिपती मेंढरं घेऊन तारेपाशी आला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर म्हस्कूला बरं वाटलं असतं. पण त्यानं मुंडाशाला हात लावला, मान खाली घातली आणि विचारलं, "जाऊ का, मालक?"

आता यातली गोम ज्यानं मेंढरं राखली त्यालाच कळावी. मेंढपाळाला स्वतःचं रान नसतं. तो चालतो ती प्रत्येक तसू जमीन दुसऱ्याची. म्हणून बांध ओलांडण्याआधी थांबायचं, मुंडाशाला हात लावायचा आणि 'जाऊ का, मालक?' म्हणायचं, हे त्याला चालायला यायच्या आधी शिकवतात. समोरचा कोण आहे हे बघायचं नसतं. रान त्याचं, म्हणजे तो मालक. म्हस्कूनं आयुष्यात हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. स्वतः ऐकलं मात्र पहिल्यांदाच, आणि तेही महिपतीच्या तोंडून.

तो गोंधळला, लाजला, आणि लाज झाकायला नको ते बोलून बसला. म्हणाला, "रस्त्यानं जा."

महिपती रस्त्यानं गेला. तीन किलोमीटरचा वळसा, त्यात डांबरावर गाड्यांची वर्दळ. त्या दिवसापासून लग्नात भेटो, इंदापूरच्या बाजारात भेटो, चार माणसांत महिपती मुंडाशाला हात लावून म्हणायचा, "राम राम, मालक." त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. म्हस्कूला जगात दुसरं काही नको होतं. महिपतीनं एकदा पहिल्यासारखं 'म्हस्क्या' म्हणावं, एवढंच. पण तार काढायची म्हणजे चूक कबूल करायची, आणि तेवढी अक्कल अजून त्याला आली नव्हती. बायको बानूबाई एकदा म्हणाली, "काढून टाका की ती तार." तर हा तिच्यावरच खेकसला.

असा कुढत बसलेला माणूस नागेशनं यंदा मे महिन्यात विमानात घातला. नागेश स्कॉटलंडात एडिंबरा नावाच्या शहरात राहायचा. दोन महिने राहा, नातीला आज्जी-आबा कळू द्या, असं त्याचं म्हणणं. सुनेला शनिवार-रविवारीही कामावर जावं लागायचं. नात छकुली सहा वर्षांची, जिभेनं चुरचुरीत. मराठी बोलायची, पण प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं वर उचलून सोडायची.

नागेशचं घर दोन खोल्यांचं, भाडं जबर, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी जायचं ते जिथं तिकीट नाही अशाच ठिकाणी, असा त्या घराचा नियम. छकुलीला अशी सगळी ठिकाणं तोंडपाठ होती. "आबा, उद्या आपण फुकटवाल्या म्युझियमला जायचं?" असं तिनं पहिल्याच शनिवारी जाहीर केलं.

"फुकट?" म्हस्कूनं नागेशकडं बघितलं. "म्हंजे आत गेल्यावर काय तरी इकत घ्यायला लावत्यात."

"न्हाय आबा. खरंच फुकट हाय."

"मग बघाय काय ठेवलंय तितं?"

काय ठेवलं होतं ते दुसऱ्या दिवशी दिसलं. दाराशी बानूबाईनं चपला काढल्या आणि कडेला नीट जोडून ठेवल्या. एवढी थोर इमारत, पैसे न घेता सगळ्यांना आत घेतात, म्हणजे देऊळच असणार, असा तिचा सरळ हिशेब. नागेशनं त्या चपला परत घालायला लावेपर्यंत दारावरच्या माणसानं हसून तिला मान लववली होती. आत गेल्यावर म्हस्कूची मान जी वर झाली ती खाली येईना. काचेचं छत, माळ्यावर माळे, वरून टांगलेले मासे आणि जनावरं, भाकरीएवढ्या पायांचे हाडांचे सांगाडे. पोरंबाळं त्यातून पळत होती. कुणी कुणाला हटकत नव्हतं.

आणि मग, एका काचेच्या पेटीत, मेंढी.

म्हस्कू जागच्या जागी थांबला. मेंढी पांढरी, तोंडानं गरीब, पेंढा भरून उभी केलेली. चहूबाजूंनी माणसांनी तिला गराडा घातला होता.

"हिला का ठेवली रं हितं?"

नागेशनं समजावलं. ही मेंढी एडका न लागता जन्मली. शास्त्रज्ञांनी दुसऱ्या एका मेंढीच्या अंगातला कणभर भाग घेतला आणि त्यातून हुबेहूब तिच्यासारखीच ही बनवली. जगात असं मोठं जनावर पहिल्यांदाच जन्मलं, ते इथं या गावाजवळ.

हजारभर कोकरं त्याच्या हातावर जन्मली होती. थंडीत कुडकुडणारी ओली कोकरं त्यानं बंडीच्या आत घालून जगवली होती. एडका नाही आणि कोकरू आहे, हे त्याच्या डोक्यात बसेना, पण समोर मेंढी उभी होती.

"दात बघाय पायजे हुते," एवढंच तो म्हणाला.

"कशाला आबा?"

"दात बघितल्याबिगर वय कसं कळंल?" आणि मग त्यानं काचेसमोर हात जोडले. छकुलीनं इकडंतिकडं बघितलं आणि तिनंही जोडले.

घरी जाताना बसमध्ये तो बानूबाईला म्हणाला, "आपल्या जल्माला जे जनावर, त्याच्यासाठी ह्यांनी देऊळ बांधलं की गं." बानूबाई म्हणाली, "आन् आपुन इकून टाकली." पुढचे चार थांबे म्हस्कू खिडकीबाहेर बघत बसला.

त्यानंतरचे तीन आठवडे ते असेच हिंडले. समुद्राकाठी गेले, बागांत गेले, रात्रीच्या जेवणाची वेळ झाली तरी न मावळणारा सूर्य बघितला. त्या सूर्याला म्हस्कू मनातून थोडा भ्यायलाही. पण खरी गोष्ट घडली ती जूनमधल्या एका रविवारी. नागेशनं सकाळी भाकऱ्या बांधून घेतल्या आणि सगळ्यांना शहराच्या बसनं डोंगरापाशी नेलं. बस थांबते तिथंच डोंगर सुरू होतो. पेंटलंड नावाची ती रांग. फार उंच नाही, पण हिरवी अशी की नजर घसरावी. चिखल न लावता नुसते रचलेले दगडी गडगे डोंगरावरून थेट वर गेलेले. आणि त्या हिरव्यावर जागोजाग मेंढरं.

मेंढरं दिसली आणि म्हस्कूचे पाय आपोआप भरभर पडायला लागले. पण गडग्यात एक लाकडी फाटक होतं. फाटकापाशी आला आणि थांबला.

नागेशनं कडी काढली. "चला आबा."

"थांब. मालक कुठं हाय?"

"इथं इचारावं लागत न्हाय."

"आरं, परक्याचं रान. आत जित्राबं चरत्यात. आसं कसं शिरायचं?" म्हस्कूनं नागेशचा हात बाजूला केला, कडी परत लावली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि डोंगराकडं तोंड करून जोरानं हाक मारली, "मालक! ओऽ मालक!"

डोंगरावरच्या मेंढरांनी माना वर केल्या. बाकी कुणी ओ दिली नाही. मागून एक म्हातारी बाई आली, हातात काठी, पाठीवर पिशवी. तिनं हसून काही तरी म्हटलं, कडी काढली, आत गेली, कडी लावली आणि चालायला लागली. पाठोपाठ एक जोडपं, कडेवर पोर. तेही गेले. म्हस्कू तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"आबा, कायदाच हाय हितला," नागेश म्हणाला. "डोंगर कुणाचा का आसंना, चालायचा हक्क सगळ्यांला. पिकात जायचं न्हाय, घाण करायची न्हाय, मेंढरांला तरास द्यायचा न्हाय. बस. कुणीच अडवत न्हाय."

"कायदा मालकाच्या बाजूनं आसतुया."

"हा चालणाराच्या बाजूनं हाय."

म्हस्कूला ते पटेना. त्याचं काही डोकं फिरलं नव्हतं. त्याच्या अंगाला आठवत होतं. दहा वर्षांचा असताना, नीरेच्या काठच्या एका गावात, तो आणि महिपती मेंढरं घेऊन एका कापलेल्या रानातून गेले होते. रान मोकळं होतं, पीक नव्हतं, म्हणून पोरांनी विचारलं नाही. मालक आसूड घेऊन आला. महिपतीनं म्हस्कूला खाली पाडलं, वर घोंगडं टाकलं आणि स्वतः घोंगड्यावर पालथा पडला. सगळे फटके त्याच्या पाठीवर बसले. पंधरा दिवस महिपती उताणा झोपला नव्हता. त्यानंतर बावन्न वर्षांत म्हस्कूनं एकही बांध न विचारता ओलांडला नव्हता.

"म्या न्हाय जायचो," तो म्हणाला. "तुमी या फिरून. म्या बसतो हितंच." आणि गडग्याला टेकून खाली बसला. नागेशनं कपाळाला हात लावला. बानूबाई नवऱ्याशेजारी बसली. तिला ते घोंगडं माहीत होतं.

पंधरावीस मिनिटं अशीच गेली. मग वरून चार चाकांची एक मोटारसायकल धडधडत खाली आली. तिच्यावर लाल गालांचा, म्हस्कूच्याच वयाचा एक माणूस, आणि मागच्या कठड्यावर उभं एक काळंपांढरं कुत्रं. मेंढरं त्याच्याकडं ज्या रीतीनं बघत होती त्यावरून म्हस्कूनं ओळखलं, की हाच. तो उठून उभा राहिला. डोक्यावर मुंडासं नव्हतं, थंडीची लोकरी टोपी होती. त्या टोपीला हात लावून, मान खाली घालून त्यानं चक्क मराठीत विचारलं,

"जाऊ का, मालक?"

तो माणूस बुचकळ्यात पडला. नागेशनं इंग्रजीत सगळं सांगितलं. माणसानं एकदा म्हस्कूकडं बघितलं, एकदा डोंगराकडं. काही तरी मोठं बोलेल, शिवी देईल किंवा उपकार केल्यासारखा हात हलवेल, असं म्हस्कूला वाटलं. त्यानं त्यातलं काहीच केलं नाही. चार शब्द बोलला आणि गाडी चालू करून निघून गेला.

"काय म्हनला?"

"म्हनला, फाटक तेवढं लावून घ्या."

"आन्?"

"आन् काय न्हाय."

म्हस्कू त्या दूर जाणाऱ्या गाडीकडं बघत राहिला. एवढा डोंगर ज्याच्या नावावर, त्याला एवढंच हवं होतं: फाटक लावा. म्हस्कूनं स्वतः कडी काढली, सगळ्यांना आत घेतलं, कडी लावली, लागली का ते दोनदा ओढून बघितलं, आणि बासष्ट वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा परक्याच्या रानातून मान वर करून चालायला लागला.

सुरुवातीला तो सारखा मागं बघायचा. मग कमी झालं. मग थांबलं. डोंगराच्या सगळ्या अंगांनी वाटा वर जात होत्या, आणि प्रत्येक वाटेवर माणसं होती. म्हाताऱ्या, पोरं, कुत्री घेतलेल्या बाया, एक आंधळा माणूस सोबत्याचा खांदा धरून. इतक्या वाटा आणि एकही माणूस चोरासारखा चालत नव्हता. जगात अशीही जागा असते, हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"आबा, हे पण फुकट आहे?" छकुलीनं विचारलं.

"व्हय बाळा," तो म्हणाला. "ह्येच्यासारखं फुकट म्या उभ्या जल्मात बघितलं न्हाय."

अर्ध्या चढावर त्याची नजर एका खोलगटीत गेली. एक मेंढी पाठीवर उताणी पडली होती, चारही पाय आभाळाकडं. अंगावर लोकरीचा मोठा भार, त्यामुळे उलटता येईना. चालणारी माणसं वाटेनं जात होती. लांबून ती झोपल्यासारखी दिसत असेल. म्हस्कूला एका नजरेत कळलं. पोट फुगत चाललं होतं. अशी अजून तासभर राहिली की संपली.

तो दोन पावलं गेला आणि थबकला. परक्याच्या मेंढराला हात लावला की चोरीचा आळ येतो, हेही त्याला चालायच्या आधीच शिकवलं होतं. मेंढीनं पाय झाडले. म्हस्कूनं बाकीचा विचार सोडला. गुडघे टेकले, एका हातानं तिच्या मानेखालची लोकर धरली, दुसऱ्यानं कुशीची, आणि एका हिसक्यात तिला पायावर उभी केली. सोडली मात्र नाही. उताणी पडलेली मेंढी लगेच सोडली तर पुन्हा कोलमडते. दोन्ही गुडघ्यांत धरून तो उभा राहिला, जिभेनं 'ट्रर्र ट्रर्र' असा मेंढरांना धीर द्यायचा आवाज काढत. त्या आवाजाला ती परदेशी मेंढी गप्प उभी राहिली. तिचा श्वास हळूहळू खाली आला. तिच्या लोकरीचा वास शेळगावच्या मेंढरांचाच होता. किती तरी वर्षांनी मेंढीची ऊब पायांना लागत होती, आणि म्हस्कूला रडू येत होतं.

त्यानं सोडलं तेव्हा ती टुणकन उडी मारून पळाली. वर बघतो तर मोटारसायकलवाला गडग्याशी उभा. त्यानं सगळं बघितलं होतं. उतरून आला, हात पुढं केला, म्हस्कूचा हात घट्ट धरून हलवला आणि काही तरी विचारलं.

"तुमची मेंढरं किती, इचारतोय," नागेश म्हणाला.

"व्हती म्हनावं."

"मग आता काय करता, म्हनतोय."

नागेशनंच इंग्रजीत उत्तर दिलं. त्यात एक शब्द म्हस्कूला ऐकू आला. "ओनर म्हंजे काय रं?"

नागेश थोडा घुटमळला. "मालक. रानाचे मालक हाय, आसं सांगितलं म्या."

तो माणूस हसला आणि सहज, जसं एक शेतकरी दुसऱ्याला पाऊसपाणी विचारतो तसं, आणखी काही तरी बोलला. या वेळी नागेशनं लगेच मराठी केलं नाही. शेळगावची तार त्याला माहीत होती.

"सांग की. काय म्हनतोय?"

"इचारतोय," नागेश खाली बघत म्हणाला, "तुमच्या रानातनंबी लोकं चालत आसतील न्हवं?"

वारा वाहत होता. बानूबाई नवऱ्याकडं बघत होती. लाल गालांचा माणूस उत्तराची वाट बघत होता, त्याच्या मनात काहीच वाकडं नव्हतं.

"सांग त्येला," म्हस्कू म्हणाला, "चालत व्हते."

वर टोकाला पोचले तेव्हा दुपार कलली होती, पण ऊन सकाळसारखं कोवळं होतं. एका बाजूला सगळं शहर, पलीकडं समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगरामागं डोंगर. ढगांच्या सावल्या त्यावरून सरकत होत्या. म्हस्कू एका दगडावर टेकला. नागेश आणि छकुली भाकरी खात होते. बानूबाई जवळ आली.

"त्या नीरंच्या मालकाला तोंड न्हवतं," म्हस्कू हळूच म्हणाला. "म्हंजे मला आठवत न्हाय. नुसता आसूड आठवतो. महिपतीला माझं तोंड तरी आठवत आसंल का गं? का नुसती तार?"

बानूबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ह्ये मला कशाला इचारताय?" ती म्हणाली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोघं परत आले. महिपतीची मेंढरंही आली होती. अंथुर्ण्याच्या रस्त्याला माळावर त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडलाय, रोज सकाळी रस्त्यानं वळसा घालून पाण्याला जातो, असं शेजारच्या हिंदुरावनं सांगितलं. "दोन मेंढरं गाडीखाली गेली त्येची परवा," असंही तो सांगून गेला.

म्हस्कूनं त्या दिवशी जेवण टाळलं. महिपतीकडं जावं, 'वाट मोकळी केलीय, ये' असं सांगावं, असं एकदा वाटलं. पण सांगायचं म्हणजे पुन्हा परवानगी देणंच झालं. परवानगी देणारा तो मालकच. त्या लाल गालांच्या माणसानं काही दिलं नव्हतं, कारण ते द्यायचं असतं असं त्याला वाटतच नव्हतं. म्हस्कूला ते कसं करायचं ते कळेना.

सकाळी तो पक्कड घेऊन बांधावर गेला. जुन्या वाटेच्या तोंडाशी दोन खांबांमधली तार त्यानं पदर पदर तोडली. तोडलेली टोकं फटकारून गवतात पडली. मग तो उसाच्या पहिल्या सरीत खुरपं घेऊन बसला, वाटेकडं पाठ करून. खुरपायला तिथं काही नव्हतं, कालच बाया भांगलून गेल्या होत्या. तरी तो माती उकरत राहिला.

थोड्या वेळानं मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या. रस्त्यानं कळप आला. तोंडाची मेंढी वाटेपाशी येऊन थांबली, असं पाठीमागून ऐकूनच त्याला कळलं. मागची मेंढरं तिच्यावर आदळली. घंटा थांबल्या. कुत्रं एकदा भुंकलं आणि गप्प झालं. महिपती आला असणार. तो उभा असणार. तो तारेकडं बघत असणार. आता तो मुंडाशाला हात लावेल. आता विचारेल. देवा बिरोबा, ते तीन शब्द तेवढे नकोत.

मागं काठी तारेच्या टोकावर आपटली.

"ए येड्या!" महिपतीचा खणखणीत आवाज आला. "तार तोडलीस आन् गवतात तशीच टाकलीस व्हय रं? मेंढराच्या पायात गेली म्हंजे? म्हस्क्या, उचल आधी ती! बसलाय तितं माती चिवडत!"

म्हस्कू उठला तो धडपडतच. खुरपं सरीत पडलं, टोपी पडली. तो पळत वाटेवर आला आणि दोन्ही हातांनी गवतातली तार गोळा करायला लागला. काटे हाताला लागत होते.

"उचलतो की, उचलतो. थांब जरा."

"थांबतोय न्हवं. तिकडचंबी एक टोक राहिलंय बघ, खांबाजवळ."

तेही त्यानं उचललं. महिपती उसाच्या बाजूला काठी आडवी धरून उभा राहिला, तोंडानं 'ट्रर्र' केलं, आणि दीडशे मेंढरं म्हस्कूच्या पायांना घासत वाटेनं आत गेली. शेवटचं कोकरू गेल्यावर महिपती त्याच्याजवळून पुढं निघाला. तोंडाकडं बघितलं नाही, थांबलाही नाही.

"पानी पाजून येतो," जाता जाता तो म्हणाला. "बानूला च्या ठेवाय सांग."

म्हस्कूनं तारेचं भेंडोळं छातीशी धरलं होतं. हातातून रक्त येत होतं, ते त्याला घराच्या दारात पोचल्यावर बानूबाईनं दाखवलं.